मावशीचं कातडं

"दादा, माझा हात कुठाय?" असं बहिणीनं विचारलं तेव्हा मी पावाला लोणी लावत होतो. सकाळी साडेसातला कुणी हात हरवल्याची तक्रार केली तर सभ्य माणूस जे करील तेच मी केलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. "इथं नाही," म्हटलं, "आईला विचार, तिनं धुवायला टाकला असेल." बहीण हसली नाही. एरवीही ती माझ्या विनोदांना हसते असं नाही, पण तिच्या न हसण्याचे प्रकार मला पाठ आहेत आणि हा त्यातला नव्हता. तिनं हँडबॉल संघटनेची स्मरणिका माझ्या ताटलीवर, म्हणजे थेट लोण्यावर, उघडून ठेवली. मधल्या दोन पानांवर तिच्या संघाचा फोटो. दोन महिन्यांपूर्वी सराव शिबिरात मीच काढलेला. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी ती. गोलकीपरचा लांब बाह्यांचा शर्ट, उजवी बाही गुंडाळत गुंडाळत पार खांद्याला नेलेली, हात कमरेवर. "हा काय," मी तिच्या दंडावर बोट ठेवलं, "जागच्या जागी आहे." "हा नाही," ती म्हणाली, "हा तू केलेला. माझा कुठाय?"

आई कोपऱ्यात इस्त्री करत होती. इस्त्री थांबली नाही, पण तिचा आवाज बदलला, एकाच जागी फिरायला लागली. मग बहिणीनं सांगितलं, आणि तिनं ते असं सांगितलं की जणू बसचं वेळापत्रक सांगतेय. शिबिर तीन आठवड्यांचं. मोबाइल पहिल्याच दिवशी गोळा करून प्रशिक्षक सरांच्या कपाटात. गोल खाल्ला की सर दंड धरायचे. धरायचे म्हणजे काय, असं मी विचारलं. तिनं माझा दंड धरून दाखवलं आणि माझ्या हातातली सुरी खाली पडली. धरून गदागदा हलवायचे, मग दुसऱ्या हातानं कानाखाली, मग परत गोलात. तिला संघात सगळ्या भिंत म्हणतात, कारण तिच्या पलीकडे चेंडू जात नाही. सरांनी त्याचा अर्थ भिंतीला लागत नाही असा घेतला होता. तिघींनी तक्रार केली. सर उरलेल्या दोघींच्या घरी जाऊन आले, आणि त्या दोघींना आपण तक्रार केली होती हेच आठवेनासं झालं. परवा संघटनेच्या समितीनं हिला एकटीला बोलावलं. पुरावा काय, तर ही म्हणाली, माझं ऐकूही नका, फोटो बघा, त्या आठवड्यात आमचा फोटो काढलाय. अध्यक्षांनी हीच स्मरणिका उघडली, चष्मा लावला, पानावर वाकून पाहिलं, आणि पुस्तक तिच्याकडे फिरवून म्हणाले, "दाखव, बाळ." तिला दाखवता येईना. सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "असू दे साहेब, या वयात कल्पनाशक्ती जरा जास्त असते." उद्या अकरा वाजता शेवटची सुनावणी. पुरावा नसेल तर तक्रार खोटी, आणि खोट्या तक्रारीला दोन मोसमांची बंदी. "एकोणिसाव्या वर्षी दोन मोसम म्हणजे कायमचं," ती म्हणाली. "मला दोन मोसमांनी कोण उभं करणार गोलात?"

"गोलात उभं राहायचं म्हणजे लागायचंच," आई म्हणाली. ते इस्त्रीला उद्देशून होतं. "चेंडू काय फुलं मारतात का अंगावर?" बहिणीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मला मात्र राग आला. कुणाचा ते सुरुवातीला ठरेना, म्हणून मी पावाचा राग धरला आणि तो उचलून खिडकीतून बाहेर टाकला. खालच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांनी "काय रे हे?" म्हणून विचारलं. "पाव आहे," मी सांगितलं. खरं होतं ते. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य.

कारण हात मीच नेला होता. हे मला टेबलाखाली वाकलो तेव्हाच कळलं असावं. आपल्या हातून झालेली गोष्ट आपल्या कमरेला आधी कळते, डोक्याला मागाहून. ऑफिसला जाताना बसमध्ये उभं राहून मी लोकांचे हात बघत होतो. धरलेले, लोंबणारे, पिशवीत घातलेले. सकाळचं ऊन एका बाजूनं येत होतं आणि प्रत्येक हाताला दोन रंग होते, उन्हातला आणि सावलीतला, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त मला वाटतं. माझा धंदाच तो. आमची संस्था खेळांचे फोटो काढून क्लबांना, संघटनांना, वर्तमानपत्रांना पुरवते, आणि मी तिथं फोटो काढतो कमी आणि धुतो जास्त. लोकांना वाटतं खेळाचा फोटो म्हणजे उडी, घाम, चेंडू हवेत. खेळाचा फोटो म्हणजे दिवे. इनडोअर हॉलमध्ये अर्धे दिवे जुने पिवळे, अर्धे नवे पांढरे, कारण बदलण्याचं काम कुणीतरी अर्ध्यात सोडून गेलेलं असतं. त्यामुळे डावीकडून धावत येणारा खेळाडू काविळीचा रुग्ण असतो आणि उजव्या टोकाला पोचेस्तोवर बर्फात सापडलेला माणूस होतो. पोहणारे निळे येतात. मातीच्या मैदानावरचे विटेसारखे येतात. आणि हिरव्या रबरी जमिनीवर खेळणाऱ्यांच्या हनुवटीखाली, दंडांच्या आतल्या बाजूला, पोटऱ्यांना जमीन आपला रंग फासते, म्हणून सगळा संघ नुकताच डबक्यातून काढल्यासारखा दिसतो. असा फोटो आईबापांना पाठवला तर ते विचारतात, आमच्या मुलीला काय झालंय? तर काही झालेलं नाही, हे दाखवणं हे माझं काम. तीन वर्षं मी हेच करतोय, कुणालाही काहीही झालेलं नाही हे दाखवतोय.

यासाठी मावशी आहे. आमच्या ऑफिसच्या खाली कपड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या काचेत एक बाईचा पुतळा उभा असतो. डोकं नाही, पण हात फार सुंदर. रुजू झालो तेव्हा मी महिनाभर एका कसोटीच्या कातड्याच्या शोधात होतो. म्हणजे असं एक कातडं, की सगळ्या फोटोंतल्या सगळ्या कातड्यांना त्याच्या दिशेनं ढकलायचं. माझ्या हाताचा फोटो काढून पाहिला, तर त्यात शिरा. मालकांचा काढला, तर त्यात केस. माणसाचं कातडं कसोटीला बसत नाही, ते दर तासाला बदलतं, लाजतं, तापतं, डास चावला की फुगतं. एका ढगाळ दुपारी जिन्यावरून उतरताना काचेतला तो हात दिसला आणि मी जागीच थांबलो. एकसारखा, शांत, कुठं काही नाही. मी काचेतूनच त्याचा फोटो काढला, त्यातला कोपराखालचा नखाएवढा तुकडा घेतला, आणि त्यावरून एक आज्ञावली केली: फोटोत जिथं जिथं कातडं असेल तिथला हिरवा काढ, निळा काढ, डाग बुजव, आणि उरलेलं या तुकड्याकडे ओढ. एक बटण दाबलं की चारशे फोटो धुऊन निघतात. दुकानातली माणसं त्या पुतळ्याला मावशी म्हणायची, म्हणून बटणाचं नावही मावशी पडलं. "मावशी लावली का रे?" मालक दिवसातून दहादा विचारतात. मागच्या वर्षी त्यांनी मला या शोधाबद्दल एक घड्याळ दिलं. थोडक्यात सांगायचं तर या गावातल्या झाडून सगळ्या खेळाडूंना, पंचांना, पाहुण्यांना आणि सहा नगरसेवकांना गेली तीन वर्षं मी एका बिनडोक बाईचं कातडं घालून हिंडवतोय आणि एकाही माणसानं तक्रार केलेली नाही. उलट, छान आलाय फोटो, असंच म्हणतात. कालपरवापर्यंत हा माझा सगळ्यात आवडता विनोद होता.

ऑफिसात पोचल्यावर मी मूळ फोटो शोधायला बसलो. शोधायला म्हणजे नुसतंच बसलो, कारण मूळ कुठं असतात ते मला चांगलं ठाऊक होतं. ते नसतात. तीस दिवस झाले की मूळ फायली उडवायच्या, धुतलेल्या तेवढ्या ठेवायच्या, हा नियम माझाच. माझ्याच अक्षरात भिंतीवर पाटी आहे: "महिन्यानंतर मूळ मागू नये. हे गोदाम आहे, वस्तुसंग्रहालय नाही." खाली मी एक हसरा तोंडवळासुद्धा काढलाय. त्या तोंडवळ्याकडे बघून मला जो राग आला तो सरांचाही आला नव्हता. सरांचा राग सोपा आहे. मी दोनदा मनातल्या मनात त्यांचा दंड धरून पाहिला आणि दोन्ही वेळा तो हाताला लागला. स्वतःचा राग धरायचा कुठं? आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी सगळी कपाटं उघडली. कॅमेऱ्याची कार्डं वीस वेळा पुसून वापरलेली. स्मरणिकेला पाठवलेल्या फोटोत मी मावशी उलटी फिरवून पाहिली, म्हणजे काढलेला हिरवा परत घालून पाहिला, तर अख्खा संघ एकसारखा हिरवा झाला, अगदी दात सोडून. पुसलेलं परत आणता येत नाही, वर नुसता रंग फासता येतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा मुक्या माराचा दहा दिवस. आधी लाल, मग जांभळा, मग कडेनं हिरवा, पिवळा, मग काही नाही. दहा दिवसांत कातडं स्वतःच सगळं मिटवून टाकतं. मी ते काम अर्ध्या सेकंदात करतो. एका बटणात.

मालक माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. चांगला माणूस आहे, म्हणजे रागावता येत नाही इतका. मी त्यांना सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "वाईट झालं. पण हे बघ, फोटो गेला ना? मग सुंठीवाचून खोकला गेला. तुला काही करावंच लागत नाही."

"खोकला गेला नाही मालक. उद्या अकराला आहे."

"ती तुझी घरची गोष्ट. तिथं जा, बहिणीशेजारी बस, धीर दे. पण आपण फोटोत असं असं करतो, हे तिथं बोलू नकोस. संघटनेचं सगळं काम आपल्याकडे आहे. आपण फोटो देतो, साक्ष देत नाही."

"फोटो म्हणजे साक्षच ना?"

"कोण म्हणतं? फोटो म्हणजे फोटो. आईबापांनी भिंतीवर लावायचा." ते उठले. दारात थांबून, अगदी हळू, पोराला औषध देताना बोलावं तसं म्हणाले, "उद्या तिथं तोंड उघडलंस तर परवा इथं यायची तसदी घेऊ नकोस. आणि घड्याळ राहू दे तुझ्याकडे." मी म्हटलं, "ते पाच मिनिटं मागं आहे." ते म्हणाले, "माहितेय."

मग मी बसून राहिलो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस पाण्याची टाकी घासत होता. त्याच्या पाठीला दुपारी दोनचं ऊन आणि टाकीचा निळा, असे दोन्ही रंग होते. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला. एवढ्या वेळात मला एकदाच काहीतरी उपयोगी आठवलं, आणि तेही उपयोगी म्हणून आठवलं नव्हतं, चिडून आठवलं होतं: एवढी अक्कल होती तुला, तर ते राखाडी कार्ड कशाला धरायला लावायचास रे प्रत्येकाला? पोस्टकार्डाएवढा राखाडी पुठ्ठा असतो. कुठल्याही हॉलमध्ये गेलं की पहिला फोटो तो पुठ्ठा धरून काढायचा. पुठ्ठा खरा राखाडी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून फोटोत तो पिवळट आला तर पिवळेपणा दिव्यांचा, हिरवट आला तर जमिनीचा. तेवढा वजा केला की बाकीचं सगळं आहे तसं उरतं. मावशी नंतरची. आधी राखाडी. आणि हे पहिले फोटो मी पुसत नाही. त्यांचं गिऱ्हाईक कुणी नाही, त्यांना मावशी लावलेली नाही, ते कुणी मागत नाही, म्हणून मी ते वेगळ्या खणात ठेवत आलोय. तीन वर्षांत अडीचशे. कुणी तिकिटं जमवतं, मी हातात पुठ्ठा धरलेली कंटाळलेली माणसं जमवतो. हॉलचा वॉचमन, पंच, एकदा पाणी देणारी बाई, एकदा चुकून आलेला विमा एजंट. मी तो खण उघडला. शिबिराच्या तारखेवर गेलो. त्या दिवशी पुठ्ठा धरायला कोण होतं ते मला फोटो उघडायच्या आधी आठवलं आणि मी उघडायच्या आधीच डोळे मिटले. फोटो बघणाऱ्या माणसानं करायची ही तऱ्हा नव्हे.

ती होती. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा ती धावत आली होती. सर तिच्यामागं दोन पावलांवर, गळ्यात शिट्टी, "या या, कलाकार!" म्हणत. मी तिला चॉकलेटचं पाकीट दिलं. तीन आठवड्यांत बाहेरून आलेला मी एकटाच माणूस होतो, आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी म्हटलं, "चल, धर कार्ड." तिनं कार्ड डाव्या हातात घेतलं. मग उजव्या हातात घेतलं. मग म्हणाली, "थांब," आणि बाही गुंडाळायला लागली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी. मी म्हटलं, "गोलकीपरला उकडायला लागलं वाटतं, काम न करता." सर हसले. तिनं कार्ड दंडाला चिकटवून धरलं, अगदी चिकटवून, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, नीट बघ ना." मी म्हटलं, "बघतोय गं, हात जरा वर घे, कार्डावर सावली पडतेय." क्लिक. मग संघाच्या फोटोलाही तिनं बाही खाली केली नाही. लांब बाह्यांच्या सतरा गोलकीपरांचे फोटो मी आजवर काढलेत. एकीनंही कधी बाही वर केलेली नाही. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, मिरवतेय. मला तो हिरवाही दिसला होता, आणि मला वाटलं, जमीन. सर दोन पावलांवर उभे असताना ती मला जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं सांगत होती. अख्ख्या जगात कातडं बघण्याबद्दल घड्याळ मिळालेला एकच माणूस तिला माहीत होता. तिनं बरोबर माणूस निवडला होता. एवढंच की तो मी होतो.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला आम्ही दोघं संघटनेच्या कचेरीत बाकावर बसलो होतो. आई आली नव्हती. तिनं शर्टाला इस्त्री करून दिली होती, माझ्या. बहीण पायाच्या अंगठ्यानं फरशीवर गोल काढत होती. "सापडलं काय?" तिनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. मी लॅपटॉपवर थाप मारली. "आणि नोकरी?" तिनं विचारलं. "ती पाच मिनिटं मागं होती तशीही," म्हटलं. तिला समजलं नाही, पण यावेळी ती थोडीशी हसली, आणि मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आत बोलावलं. खोलीत लांब टेबल, टेबलामागं अध्यक्ष, चिटणीस आणि एक बाई सभासद, बाजूला सर, नवा कोरा ट्रॅकसूट घालून. भिंतीवर आजवरच्या पदाधिकाऱ्यांच्या एकोणीस तसबिरी. त्या मागच्याच वर्षी आमच्याकडून नव्या करून घेतल्या होत्या. एकोणीसच्या एकोणीस मावशीच्या वळणावर गेलेले. वेगवेगळ्या नाकांचे, पण एका रक्ताचे वाटावेत असे. अध्यक्ष स्वतःच्या तसबिरीखाली बसले होते. खालचे अध्यक्ष लालसर होते, नाकावर बारीक शिरा होत्या आणि कपाळावर एक जुनी खोक होती. वरच्यांना काही झालेलं नव्हतं. एवढ्यात मला हसू आलं असतं तर सगळं गेलं असतं. रागानं वाचवलं.

मी फोटो उघडला. सगळाच हिरवट पिवळा. भिंत, जाळी, बहीण, मागं दोन पावलांवर सर. सर लगेच पुढं वाकले. "बघा साहेब, मी काय म्हणत होतो? सगळंच हिरवं आहे. मीसुद्धा हिरवा आहे. मला कुणी मारलं?" चिटणीस हसले. मी बहिणीच्या हातातल्या पुठ्ठ्यावर बाण नेला आणि एकदा दाबलं. हे मी हजारदा केलंय आणि हजारदा ते मला आवडलंय: खोलीवरून कुणीतरी घाणेरडी काच उचलावी तसं होतं. भिंत पांढरी झाली. जाळी पांढरी झाली. बहिणीचे दात पांढरे, सरांची शिट्टी चांदीसारखी, सरांचा चेहरा चांगला तांबूस, निरोगी. पुठ्ठा राखाडी. आणि राखाडी पुठ्ठ्याच्या कडेला लागून तिचा दंड. तो नाही बदलला. चार डाग एका ओळीत, एक पलीकडून.

सर म्हणाले, "गोलकीपर आहे. चेंडू लागतो."

"सर," बहीण म्हणाली. तिचा आवाज शाळेत हजेरी देतात तसा होता. "चेंडूला अंगठा असतो का?"

बाई सभासदांनी तोंडावर रुमाल धरला. अध्यक्षांनी चष्मा काढला, घातला, आणि त्यांना पेचातून बाहेर पडायची एक वाट दिसली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण हे तर रंगांचंच काम करतात. भाऊ आहेत मुलीचे. आज हे असं दाखवतील, उद्या तसं दाखवतील. स्मरणिकेतला फोटोही तुमचाच ना? तोच दिवस, तीच मुलगी, तोच हात. त्यात का नाही?"

"मी पुसला."

"कुणाच्या सांगण्यावरून?" सगळ्यांनीच माना वर केल्या. सरांनीसुद्धा. एखादं कारस्थान निघालं असतं तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"कुणाच्याच नाही. एक बटण आहे. सगळ्यांना लावतो." मी भिंतीकडे हात केला. "यांनाही लावलंय. तुम्हालाही. तुमच्या कपाळावरची खोक बघा वर आहे का." अध्यक्षांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात कपाळाकडे गेला. बाकीच्या दोघांनी वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"फोटो काढताना तुम्हाला हे दिसलं होतं?" बाईंनी विचारलं.

याचं उत्तर मी रात्रीपासून तीन प्रकारे तयार केलं होतं, आणि तिन्ही विनोदी होते. "दिसलं होतं," मी म्हणालो. "ती मला नीट बघ म्हणाली होती. मी पुठ्ठ्याकडे बघत होतो."

"मग पुसलंत का?"

"डोळ्याला खटकत होतं."

पंखा फिरत होता. सरांनी घड्याळ पाहिलं, मग ट्रॅकसूटची चेन वर ओढली, हनुवटीपर्यंत. अध्यक्ष चिटणीसांकडे वळून पुटपुटले, "नोंद घ्या." चिटणीसांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं, आणि अडले. "काय लिहू? खुणा लिहू?" "खुणा लिहा," बाई म्हणाल्या, "किती, कुठं, ते सगळं लिहा." चिटणीसांनी पाच असं लिहिलं, उजवा दंड असं लिहिलं, आणि मग कारकुनी इमानानं मला विचारलं, "रंग कोणता लिहायचा? तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच सांगा."

मी पडद्याकडे वाकलो. इतक्या जवळून तिचा हात मी ती पाळण्यात होती तेव्हा पाहिला असेल. "सावकाश लिहा," म्हटलं. "बाहेरच्या कडेनं पिवळा. त्याच्या आत हिरवा, जमिनीचा नव्हे, वेगळा. मध्ये जांभळा. तर्जनीच्या जागी थोडा निळा. अंगठ्याच्या जागी काळपट."

"काळा," बहीण म्हणाली.

"काळपट आहे गं, कडेला बघ."

"काळा होता," ती म्हणाली.

चिटणीस पेन धरून थांबले होते. "काळा लिहा," मी म्हणालो.